उत्खननाचा थरार आणि मातीची साक्ष

दक्षिण अमेरिकेच्या घनदाट अरण्यातील एक गुहा. आत चौथऱ्यावर सोन्याची छोटी मूर्ती. डोक्यावर हॅट आणि कमरेला चाबूक असलेला एक माणूस वाळूची पिशवी हातात तोलतो, क्षणभर अंदाज घेतो आणि मूर्ती उचलून तिच्या जागी पिशवी ठेवतो. काही क्षणांतच चौथरा खचू लागतो, भिंतींतून बाण सुटतात आणि एक प्रचंड गोल शिळा गडगडत त्याचा पाठलाग करते. स्टीव्हन स्पीलबर्ग दिग्दर्शित ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ १९८१ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हापासून ‘पुरातत्त्वज्ञ’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर हॅरिसन फोर्डने साकारलेला हा इंडियाना जोन्सच उभा राहतो.

या मालिकेचा पाचवा चित्रपट २०२३ मध्ये आला. मधल्या काळात १९९६ मध्ये ‘टूम्ब रेडर’ हा संगणकीय खेळ आला, १९९९ मध्ये ‘द ममी’ पडद्यावर झळकला आणि २००३ मध्ये डॅन ब्राउन यांच्या ‘द दा विंची कोड’ने विक्रीचे उच्चांक गाठले. प्रत्यक्षातला पुरातत्त्वज्ञ मात्र उन्हात बसून लहान ब्रशने मातीचा एकेक थर हलवीत असतो आणि खापराच्या तुकड्यावर क्रमांक घालीत असतो. अशा संथ शास्त्रातून इतक्या वेगवान कथा कशा निपजतात आणि वाचक त्यांच्यावर का लुब्ध होतो?

वाचता येणे हेच शस्त्र

पहिले कारण म्हणजे घड्याळ. लेखक संशोधकाच्या शोधाला एक प्रतिस्पर्धी आणि एक मुदत जोडतो. ‘रेडर्स’चे कथानक १९३६ मधले आहे. नायकाआधी नाझींना ती पवित्र पेटी मिळाली तर अनर्थ ओढवेल, एवढे कळले की एरवी कंटाळवाणा वाटणारा जुना शिलालेखही जीवन-मरणाचा प्रश्न होतो. सामान्य पाठलागात नायकाला त्याचे बळ तारते. येथे त्याला मृत लिपी वाचता येते म्हणून तो वाचतो. विद्वत्तेला इतकी प्रतिष्ठा देणारा दुसरा साहसी कथाप्रकार क्वचितच असेल.

याला वास्तवाचा भक्कम आधारही आहे. १७९९ मध्ये इजिप्तमध्ये रोझेटा शिळा सापडली आणि तिच्यावरील चित्रलिपी उलगडण्यासाठी इंग्लंडचा थॉमस यंग व फ्रान्सचा शाँपोलियन यांच्यात खरोखरीच चुरस लागली. १८२२ मध्ये शाँपोलियनने आपला उलगडा जाहीर केला. आपल्याकडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी वाचली आणि शतकानुशतके मुके राहिलेले सम्राट अशोकाचे शिलालेख पुन्हा बोलू लागले. एखाद्या कादंबरीला शोभावा असाच हा प्रसंग आहे.

दुसरे कारण नायकाच्या दुहेरी आयुष्यात आहे. इंडियाना जोन्स एरवी कोट-टाय घालून महाविद्यालयात शिकवतो आणि सुटी मिळताच विमान पकडतो. दिवसभर टेबलापाशी बसणाऱ्या नोकरदाराला या माणसात आपले एक गुपित दिसते.

तिसरे कारण म्हणजे स्थळे खरी असतात. १९८९ च्या ‘द लास्ट क्रुसेड’मध्ये पवित्र पात्राच्या मंदिराचे प्रवेशद्वार म्हणून दिसते ती जॉर्डनमधील पेट्रा येथील ‘खजिना’ नावाची, डोंगरात कोरलेली वास्तू. तिच्या आत प्रत्यक्षात ना सापळे आहेत, ना भुलभुलैया. आहेत ते केवळ साधे कक्ष. परंतु २००३ मध्ये या वास्तूच्या दर्शनी भागाखाली थडगी आढळली आणि २०२४ मध्ये तेथेच आणखी एका थडग्यात १२ सांगाडे मिळाले. जमिनीच्या पोटात अजून काही असेल ही वाचकाची शंका, म्हणजे, अगदीच भाबडी नसते.

कल्पनेने केलेला घात

मात्र या कथाप्रकाराच्या जन्मकथेतच एक धोकाही दडलेला आहे. त्याची मुळे १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रायडर हॅगार्ड यांच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ या कादंबरीपर्यंत जातात. आफ्रिकेच्या अंतर्भागात बायबलमधील राजाच्या खाणी आहेत, ही तिची मध्यवर्ती कल्पना. ती हवेतून आलेली नव्हती. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये ‘ग्रेट झिम्बाब्वे’च्या भव्य दगडी अवशेषांपाशी पोहोचला आणि हे शेबाच्या राणीशी संबंधित असावे, असे त्याने ठरवून टाकले. स्थानिक आफ्रिकी लोकांनी असे काही बांधले असेल, हे अनेक युरोपीयांना मान्यच नव्हते.

पुढे जे घडले ते कोणत्याही कादंबरीपेक्षा विषण्ण करणारे आहे. १८९५ मध्ये या प्रदेशातील प्राचीन अवशेषांमध्ये खजिना शोधण्यासाठी चक्क एक कंपनी स्थापन झाली. त्यानंतर ग्रेट झिम्बाब्वेची देखभाल ज्याच्याकडे सोपवली, त्या रिचर्ड हॉलने १९०२ ते १९०४ या काळात तेथील मातीचे कित्येक फूट जाडीचे थर उपसून फेकून दिले. त्याच्या मते ती नंतरच्या आफ्रिकी वस्तीची घाण होती आणि ‘खरी’ संस्कृती तिच्या खाली होती. वास्तविक ज्यांनी ते नगर उभारले, त्यांचीच कहाणी त्या मातीत होती. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी हे बांधकाम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे सिद्ध केले. मात्र तोवर बरेचसे पुरावे कायमचे गेले होते. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने अभिमानाने याच अवशेषांचे नाव धारण केले.

थरारकथा आणि पुरातत्त्व यांतील मूळ भेद येथे दिसतो. कथेत महत्त्व वस्तूला असते. शास्त्रात महत्त्व असते ती वस्तू कोठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली याला. हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी दिसली. मुद्रा उमटवलेल्या दारापर्यंत पोहोचल्यावर त्याने काय केले? पायऱ्या पुन्हा बुजवल्या, इंग्लंडमध्ये असलेल्या लॉर्ड कार्नार्व्हनला तार केली आणि तो येईपर्यंत जवळपास तीन आठवडे वाट पाहिली. आतल्या पाच हजारांहून अधिक वस्तूंची नोंद करून त्या बाहेर काढण्यास सुमारे दहा वर्षे लागली. कोणता पटकथाकार हे मान्य करील?

महाराष्ट्रातील उदाहरणही बोलके आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे खजिना नव्हता. होत्या घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठविण्याच्या जागा आणि चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक माणूस. परंतु एकही थर न विस्कटता खणल्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय खात आणि आपल्या मृतांना कसा निरोप देत, हे आज आपल्याला सांगता येते.

पडद्यावरून शेतात

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांमध्ये रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन लोक खोदकाम करीत असल्याची दृश्ये सर्वत्र पसरली. मोगलकालीन नाणी सापडत असल्याची ती अफवा होती आणि महिन्यापूर्वीच प्रदर्शित झालेल्या, बुऱ्हाणपूरचा प्रसंग असलेल्या ‘छावा’ या चित्रपटाने तिला बळ दिल्याचे सांगितले गेले. त्या खड्ड्यांतून काही नाणी निघाली असतील वा नसतीलही, पण तेथे मातीचे काही जुने थर असलेच, तर ते कुणाच्याही नोंदीत न येता विस्कटले. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे त्या गर्दीतील किती जणांना ठाऊक होते?

म्हणून या कथा वाचू नयेत, असे मुळीच नव्हे. त्यांच्या गोडीमुळे एखादा तरुण वस्तुसंग्रहालयाची पायरी चढतो, एखादी विद्यार्थिनी हा विषय निवडते. केवळ एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘रेडर्स’च्या अखेरीस ती पेटी लाकडी खोक्यात बंद होते आणि एका अवाढव्य गोदामात तशाच हजारो खोक्यांमध्ये दिसेनाशी होते. ती हाती आली, पण तिच्याविषयी कोणालाच काही कळणार नाही. शेतात नांगराला एखादे जुने नाणे लागले, तर ते खिशात घालण्यापूर्वी हे गोदाम आठवावे.