म्हाडा वसाहतीत इमारत सोसायटीची, मग जमीन कोणाची?

घाटकोपरचे पंतनगर असो वा अंधेरीचे डी. एन. नगर, पुनर्विकासाला म्हाडाची एनओसी लागतेच. का? उत्तर १९७६ च्या म्हाडा कायद्यात आहे. त्याआधी या वसाहती १९४८ च्या कायद्याने आलेल्या गृहनिर्माण मंडळाच्या होत्या. नव्या कायद्याने जुने मंडळ गेले. ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा आली आणि मंडळाच्या जमिनी, देणी, करार सगळे तिच्याकडे वर्ग झाले. प्रत्येक प्लॉटचे वेगळे खरेदीखत करावे लागले नाही, कायद्याचे कलम पुरले.

खरी मेख पुढे आहे. अभिहस्तांतरणात सोसायटीला इमारत विकत मिळते, जमीन मात्र भाडेपट्ट्यानेच. त्यामुळे बिल्डर निवडण्याआधी भाडेपट्ट्याची मुदत तपासा. २०१८ पासून या वसाहतींचे नकाशेही महापालिका नव्हे, म्हाडाच मंजूर करते.