स्पर्धापरीक्षेची कीर्द-खतावणी

आपल्या व्यापारी घराण्यांतील मूल दहा-बारा वर्षांचे झाले की दुकानाच्या गादीवर बसून तोंडी हिशेब करू लागते, हा आपला जुना लौकिक आहे. तथापि तेच मूल पदवीधर होऊन बँकेच्या अथवा सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसते, तेव्हा गणितात पुढे असूनही सामान्य ज्ञान व इंग्रजी या दोन विषयांत मागे पडते. सीमाभागातील अनेक मराठी कुटुंबांना हा अनुभव असेल. आमच्या घरासही तो आला, आणि त्यात दोष मुलीचा कमी व माझा अधिक होता. म्हणून हा लेख.

माझ्या थोरल्या बंधूंची कन्या मराठी माध्यमातून शिकली. वाणिज्य शाखेची पदवी हाती पडताच बँकेची परीक्षा देण्याचा तिने निश्चय केला. बंधूंनी दोन वर्षांची मुदत दिली. तेवढ्यात जमले नाही तर पुढे लग्नाचे पाहावयाचे, असे ठरले. आमचे दुकान भुसार मालाचे. घरात वाचनाची थोडी आवड मला, म्हणून तिच्या अभ्यासाची देखरेख माझ्याकडे आली. परीक्षेस निघताना मी तिला बजावले, “एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस. कोरा प्रश्न म्हणजे दारातून परत गेलेले गिऱ्हाईक!” पोरीने काकांचा शब्द प्रमाण मानला आणि इंग्रजीचे शेवटचे नऊ प्रश्न न वाचताच उत्तरांच्या खुणा करून टाकल्या. निकाल लागला तेव्हा इंग्रजीत ती पाऊण गुणाने मागे राहिली होती. त्या नवांपैकी किती बरोबर आले हे आम्हांस कधीच कळले नाही. परंतु त्यांत एकच बरोबर आला असेल, तर माझ्या उपदेशानेच तिचा एक गुण बुडाला असे म्हणावे लागेल.

जो हिशेब मी आधी करावयास हवा होता, तो मग केला. बँकेच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न असतात व त्यांस २० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नास ४० सेकंद. उत्तराचे पर्याय पाच, आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. पाच प्रश्न आंधळेपणाने सोडविले तर सरासरीने एक बरोबर व चार चूक. मिळाला एक गुण आणि गेलाही एकच. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत पर्याय चार व दंड एक-तृतीयांश. तेथेही गोळाबेरीज शून्यच येते. कर्मचारी निवड आयोगाच्या २०२५ च्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यास प्रत्येक प्रश्नास दोन गुण व चुकीस अर्धा गुण वजा होता. तेथे मात्र अंदाजात किंचित नफा निघतो. दोन पर्याय निश्चितपणे खोडता येत असतील, तर या तिन्ही ठिकाणी उत्तर देणे हिताचे. म्हणून ज्या वर्षी परीक्षा द्यावयाची, त्या वर्षीची जाहिरात बारकाईने वाचणे हाच अभ्यासाचा पहिला धडा होय. नियम बदलतात, जुन्या भावाने नवा सौदा होत नसतो.

आता सामान्य ज्ञान. त्याची खरी किंमत वेळेत आहे. वरील पदवीधर परीक्षेच्या त्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न होते व त्यांत सामान्य ज्ञानाचे २५. उत्तर ठाऊक असेल तर येथे आकडेमोड लागत नाही. हे २५ प्रश्न पाच मिनिटांत संपविणाऱ्यास उरलेल्या ७५ प्रश्नांसाठी प्रत्येकी ४४ सेकंद मिळतात. एरवी वाट्यास ३६ सेकंदच येतात.

परंतु हे ज्ञान मिळवावे कसे? पहिल्या वर्षी मी जाडजूड ग्रंथ आणून दिले. ती पाठ करी आणि विसरे. दुसऱ्या वर्षी आम्ही आपल्या वडिलांचीच रीत धरली. दिवसाच्या बातम्यांतील पाच गोष्टी कीर्दीत उतरावयाच्या, आणि रविवारी त्या विषयवार खतावणीत न्यावयाच्या: राज्यघटना, अर्थकारण, भूगोल, इतिहास, विज्ञान. एकटी बातमी टिकत नाही. ती जुन्या खात्यावर चढली की टिकते. व्याजदराची बातमी आली तर रिझर्व्ह बँकेच्या पानावर जावे. तेथे आधीच लिहिलेले असते की बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, १९४९ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते.

आणि मग ध्यानात आले की आमचे दुकान हीच एक पाठशाळा आहे! बिलावरील जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन. हा कर १ जुलै २०१७ रोजी आला. त्यासाठी घटनेची १०१ वी दुरुस्ती झाली आणि २७९-अ या अनुच्छेदान्वये परिषद स्थापन झाली. बेळगावात विकलेल्या मालावर केंद्राचा व राज्याचा असे दोन कर, तर गोव्यास धाडलेल्या मालावर एकात्मिक कर का, हे तिने दुकानाच्या बिलांवरून समजून घेतले. तूर खरिपाची, हरभरा रब्बीचा. हमीभावाची शिफारस करणारा आयोग १९६५ साली स्थापन झाला. हे सारे पोत्यांकडे पाहतच पाठ झाले.

इंग्रजीचे दुखणे निराळे. आपली मुले शब्दांच्या याद्या घोकतात. चूक मात्र मराठीच्या वळणातून होते. आपण ‘दराविषयी चर्चा केली’ म्हणतो, म्हणून मूल ‘डिस्कस्ड अबाउट द रेट’ लिहिते. इंग्रजीत ‘अबाउट’ नको. आपण ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो, म्हणून ‘मॅरिड विथ’ येते. हवे ‘मॅरिड टु’. ‘मी दोन पोती घेतली’ येथे आपले क्रियापद कर्मामागे जाते. इंग्रजीत ते कर्त्यासच बांधलेले असते. म्हणून ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज’ यापुढे ‘इज’ यावे, ‘आर’ नव्हे. कारण कर्ता ‘क्वालिटी’ आहे, आंबे नव्हेत. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे आपले वाक्य इंग्रजीत जाताना ‘मी’चा ‘तो’ होतो व काळही मागे सरकतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर आपल्या भाषेत नाहीतच. अशा चुकांची वेगळी वही तिने ठेवली. त्याशिवाय रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक परिच्छेद मोठ्याने वाचावयाचा, मराठीत उतरावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यावयाचा. मग मुळाशी ताडून पाहिले की स्वतःची उणीव स्वतःसच दिसते.

आणखी एक गोष्ट. बँकेच्या लिपिकपदासाठी ज्या राज्यातील जागा मागावयाची, त्या राज्याची भाषा यावी लागते. मराठी ही आपली मायबोली. परंतु कर्नाटकातील जागा हवी असल्यास कन्नडही मनापासून शिकावी. १८५५ साली सनदी सेवेची खुली स्पर्धापरीक्षा लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हा ती देण्यास आपल्या तरुणांना समुद्र ओलांडावा लागे. १९२२ पासून ती हिंदुस्थानातही होऊ लागली. त्या मानाने शेजाऱ्याची भाषा शिकणे हे काही मोठे अंतर नव्हे.

मुदतीच्या दुसऱ्या वर्षाअखेर पुतणी लिपिक म्हणून निवडली गेली. बंधूंनी पेढे वाटले. मी मात्र मनोमन त्या पाऊण गुणाची क्षमा मागितली. ती आता सुटीस घरी आली की धाकट्या भावाची कीर्द तपासते. परवा तो परीक्षेस निघाला तेव्हा मी काही सांगणार, तोच ती हसून म्हणाली, “काका, आज तुम्ही काही बोलू नका हं!”

वाचकबंधूंस एवढीच विनंती: आपल्या मुलामुलींना अभ्यासासाठी शांत खोली द्या, रोजचे वृत्तपत्र द्या, दुकानाची बिले दाखवा, आणि उपदेश करण्यापूर्वी हिशेब करा.