अख्खं जाळं एकदम

संकल्पनांची मोठी जाळी पडद्यावर काढण्याचा खटाटोप गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. संकल्पनेला ठिपका, नात्याला रेघ. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा त्यांना ओढून धरतात आणि चित्र हलत-डुलत स्थिरावतं. शंभर ठिपक्यांपर्यंत ते देखणं दिसतं. पण वैद्यकातल्या ‘स्नोमेड सीटी’ या संज्ञासंग्रहात साडेतीन लाखांवर संकल्पना आहेत, तिथे उरतो तो गुंता. आधी एकूण आवाका दाखवा, मग जवळ जाऊ द्या, नको ते गाळू द्या, तपशील मागितल्यावरच द्या, असं संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्येच सांगून ठेवलं होतं. माना सगळ्यांनी डोलावल्या, पण अख्खा गोळा दाखवून पाहुण्यांना थक्क करायचा मोह काही सुटला नाही.

डहाणू-तलासरीत ही अडचण फार आधी सुटली होती. वारली आदिवासींच्या लग्नात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. नक्षीदार चौकटीत पालघट देवी, लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, माणसं, जनावरं. हे सगळं एका दमात वाचायचं नसतंच. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत देवांना बोलावते आणि चित्र त्या गाण्यांच्या ओघात उलगडतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी इथे आले, चित्र कागदावर उतरलं आणि पुरुषही काढू लागले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं दुरून पांढरं धुकं वाटतं; नाक लावलं की एकेक दोरा सुटा दिसतो. श्नायडरमन यांना हवं होतं ते हेच. कागदाबरोबर दिल्ली-पॅरिसला धवलेरी मात्र गेली नाही, आणि वाट दाखवणारं कुणी नसलं की नवख्याला वारली चित्र म्हणजे नुसती सजावट वाटते. कुर्त्यांवर, कपबश्यांवर तेच झालं.

पडद्यावरच्या जाळ्यांचंही तसंच. २०१४ मध्ये संकल्पनांची जाळी काढून दाखवणारं ‘वेबव्हाउल’ आलं आणि ब्राउझरमध्येच ठिपके ओढता येऊ लागले. मजा आली, पण रोजच्या कामाला टिकली ती त्याहून साधी सोय: एक शब्द शोधा, त्याचे शेजारी तेवढे उघडा, त्यातला एक धरून पुढे जा. आयआयटी मुंबईच्या ‘मराठी शब्दबंध’ या शब्दांच्या जाळ्यातही असंच एका शब्दावरून त्याहून व्यापक किंवा नेमक्या कल्पनेकडे जाता येतं. अख्खं जाळं एकदम पाहायची हौस तिथे भागत नाही; शब्द शोधायला आलेल्या कुणाला तिची गरजही पडत नाही.