प्रोसेसरांची हजेरी

नवा संगणक विकत घेताना दुकानदार आपणांस सांगतो की, यात आठ कोअर आहेत. आणि आपण ते मान्य करून पैसे मोजतो. परंतु संगणकाला स्वतःला हे कोणी सांगावयाचे? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. ज्याच्या पोटात आठ प्रोसेसर बसविले आहेत त्याला आपले आठ आहेत हे ठाऊक नसावे, हे कसे? पण वस्तुस्थिती तशी आहे खरी. कळ दाबली की आठांपैकी एकच प्रोसेसर काम करू लागतो. त्याला आपण आद्य प्रोसेसर म्हणू. बाकीचे सात कोणी हाक मारीपर्यंत स्वस्थ पडून राहतात. झोपलेला प्रोसेसर श्वासोच्छ्वासही करीत नाही, की त्यावरून त्याचा पत्ता लागावा.

अशा वेळी यंत्रात कर्नल येतो. कर्नल म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीचा गाभा. यंत्रातील कामकऱ्यांना कामे वाटून देणारा मुकादम म्हणा ना! मुकादमाला कामकरी किती ते कळले नाही, तर सगळे ओझे एकट्या आद्य प्रोसेसरावर पडावयाचे आणि पैसे आठांचे देऊन काम एकाचे मिळावयाचे. तेव्हा ही मोजणी करमणुकीची नव्हे.

कर्नल येण्यापूर्वी यंत्रात आणखी एकजण वावरून गेलेला असतो. तो म्हणजे फर्मवेअर, मुख्य फळीवरच्या चिपमध्ये कारखान्यानेच भरून ठेवलेला कार्यक्रम. बायॉस हे त्याचे जुने रूप आणि यूईएफआय हे नवे. इंटेलच्या घराण्यातील यंत्रांत हा फर्मवेअर मोजणी कशी करतो, ते मोठे मजेदार आहे. तो एकदम सर्वांना उद्देशून हाक घालतो. जे जे जागे होतात ते कुलूप लावलेल्या एका जागेपाशी येतात. ज्याची पाळी येईल तो कुलूप आपल्या ताब्यात घेतो, तक्त्यात स्वतःचा क्रमांक लिहितो, एकूण संख्येत एक मिळवितो, कुलूप सोडतो आणि पुन्हा निजतो. कुलूप नसते तर दोघांनी एकाच ओळीवर लिहून ठेविले असते.

मग कर्नलानेही अशीच हाक का घालू नये? दुसऱ्याच्या कागदावर विसंबण्याचे कारण काय? कारण असे की, सर्वांना घातलेली हाक नको असलेल्यांनाही ऐकू जाते. एखादा प्रोसेसर तपासणीत नापास झाला म्हणून फर्मवेअरने बाजूला ठेवलेला असतो. एखादा मालकाने मुद्दाम बंद केलेला असतो. त्यांना उठविणे धोक्याचे. म्हणून शहाणा कर्नल यादी वाचतो आणि एकेकाला क्रमांकाने हाक मारतो.

ही यादी कोठे ठेवावी व कशी लिहावी, याचा पूर्वी मेळ नव्हता. ज्याच्या त्याच्या यंत्राची रीत निराळी. १९९४ साली इंटेलने बहुप्रोसेसर यंत्रांसाठी एक नियमपत्र काढले व पुढे त्याची १.४ ही आवृत्ती आली. लिनक्सची २.० ही आवृत्ती १९९६ ची. तिच्यात अनेक प्रोसेसर वापरण्याची सोय प्रथमच आली, ती याच तक्त्याच्या आधारावर. त्याच वर्षी डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे नवे नियमपत्र प्रसिद्ध केले. आज चालतात ते त्याचेच तक्ते.

बायॉसच्या काळी तक्ता शोधणे हेच एक काम होते. मेमरीच्या पहिल्या मेगाबाइटच्या अखेरीस १२८ किलोबाइटांचा एक पट्टा असतो. त्यात दर सोळा बाइटांवर थांबून कर्नल पाहतो की, ‘आरएसडी पीटीआर’ ही खूण येथे लिहिली आहे काय? खूण आठ अक्षरांची असून आठवे अक्षर म्हणजे कोरी जागा. अशी पाहण्याजोगी ठिकाणे त्या पट्ट्यात ८,१९२ भरतात. नव्या यूईएफआय यंत्रांत ही पायपीट संपली. तेथे फर्मवेअरच पत्ता हातात देतो. खूण सापडली म्हणजे तिच्यावरून तक्त्यांची सूची मिळते, आणि सूचीवरून प्रोसेसरांचा तक्ता.

खूण योगायोगानेही सापडू शकेल. म्हणून बेरजेची कसोटी लावतात. सर्व बाइटांची बेरीज करून तिला २५६ ने भागले असता बाकी शून्य उरली पाहिजे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही बेरीज कागद फाटलेला नाही एवढेच सांगते. कागदावर लिहिलेले खरे आहे, असे ती सांगत नाही. सातबाऱ्यावरचा शिक्का अस्सल असला म्हणून शेतात पीक उभे आहेच असे नव्हे, त्यातलाच हा प्रकार.

तक्त्यात प्रत्येक प्रोसेसरासाठी आठ बाइटांची एक नोंद असते: नोंदीचा प्रकार, तिची लांबी, प्रोसेसरची ओळख, हाक मारण्याचा क्रमांक आणि शेवटी चार बाइट शेऱ्यासाठी. क्रमांकाला एकच बाइट दिल्यामुळे आणि २५५ हा क्रमांक ‘सर्वांना’ या अर्थी राखून ठेवल्यामुळे, त्यापुढच्या यंत्रांसाठी बत्तीस बिटांच्या क्रमांकाची नवी नोंद काढावी लागली. क्रमांक ओळीने येतातच असे नाही. पाचानंतर एकदम आठ येऊ शकतो. म्हणून शेवटचा क्रमांक पाहून संख्या ठरवू जाल तर फसाल. नोंदीच मोजाव्या लागतात.

यानंतर येते खरी परीक्षा. आद्य प्रोसेसर त्या क्रमांकाला आधी पूर्वस्थितीवर येण्याचा आणि मग कामाला लागण्याचा इशारा पाठवितो. जुन्या रीतीप्रमाणे दोहोंमध्ये १० मिलिसेकंद थांबावयाचे असते. नव्या प्रोसेसरांसाठी लिनक्स तेवढे थांबत नाही. दुसऱ्या इशाऱ्यात मेमरीतील पानाचा क्रमांक असतो, आणि तोही एकाच बाइटाचा. पान ४,०९६ बाइटांचे. तेव्हा उठल्याबरोबर वाचावयाचे पान पहिल्या मेगाबाइटातच असले पाहिजे. अगदी अद्ययावत प्रोसेसरही या इशाऱ्याने उठतो तेव्हा १९७८ सालच्या ८०८६ चिपसारखा सोळा बिटांच्या अवस्थेत उठतो! त्या पानावरील छोटा कार्यक्रम त्याला पायरीपायरीने आजच्या अवस्थेत आणतो आणि मग तो ‘हजर’ म्हणतो. ठराविक वेळात उत्तर आले नाही, तर कर्नल तक्रार नोंदवितो आणि त्याला सोडून पुढे जातो.

यादीत नाव आहे पण माणूस नाही, ही चूक अशा रीतीने उघडकीस येते. उलट चूक मात्र येत नाही. जो यादीतच नाही त्याला कर्नल हाक मारीत नाही. तो प्रोसेसर जन्मभर निजून राहील आणि कोठेही तक्रार उमटणार नाही. आमच्या मते या पद्धतीचे खरे वैगुण्य हेच आहे.

शेऱ्याच्या रकान्यानेही बरीच वर्षे त्रास दिला. एखाद्या नोंदीवर ‘चालू नाही’ असे असले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? ही जागा रिकामी असून पुढे येथे प्रोसेसर येणार आहे, की येथे कोणी कधीच येणार नाही? भाड्याने मिळणाऱ्या आभासी यंत्रांत पहिला अर्थ खरा असतो. तेथे यंत्र चालू असतानाच प्रोसेसर वाढविता येतात. घरगुती यंत्रांत पुष्कळदा दुसरा. लिनक्स सावधपणे पहिलाच अर्थ घेई, आणि कधीही न येणाऱ्या पाहुण्यांची पाने मांडून ठेवी. म्हणजे त्यांच्यासाठी मेमरी अडकून पडे. अखेर २०१९ साली एसीपीआयच्या ६.३ आवृत्तीत ‘पुढे चालू होऊ शकेल’ असा निराळा शेरा आला. एका बिटाचे काम, पण त्याला बावीस वर्षे लागली.

एआरएम घराण्याच्या लहान यंत्रांत बहुधा एसीपीआयऐवजी उपकरणवृक्ष नावाचे वर्णन कर्नलच्या हाती देतात. त्यात प्रोसेसरच्या नावासोबत त्याला कसे उठवावे हेही लिहिलेले असते. तपशील वेगळे, तत्त्व तेच.

ज्यांच्या घरी विंडोजचा संगणक आहे त्यांनी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या पानावर प्रोसेसरांचा आकडा पाहावा आणि चिपच्या माहितीपत्रकातील आकड्याशी ताडावा. कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर हे आकडे वेगळे दिले असतील. एकाच कोअरवर दोन कामे धरण्याची सोय असली, तर दुसरा दुप्पट दिसेल. आकडा कमी भरला तर विंडोजला दोष देण्यापूर्वी फर्मवेअरच्या मांडणीचा पडदा उघडून पाहावा. कोअर बंद करण्याची कळ पुष्कळदा तेथेच असते.