‘हे वाच’ म्हणताना : कॅनडाचे साहित्य आणि शिफारशीची जबाबदारी

आम्ही नाशिकचे पाच-सहा स्नेही गेली काही वर्षे कॅनडातली पुस्तके वाचतो आहोत. आमच्यापैकी कुणी त्या देशात राहिलेले नाही, कुणी इंग्रजीचा प्राध्यापकही नाही. पद्धत साधी आहे. ज्याला पुस्तक भावले त्याने ते पुढच्याच्या हाती द्यायचे आणि का भावले ते दोन वाक्यांत सांगायचे. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका मैत्रिणीने ॲलिस मन्रो यांचा कथासंग्रह परत आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “आता हे मी पुढे कुणाला आणि कोणत्या तोंडाने देऊ?”

तिच्या या प्रश्नाचे कारण पुढे सांगतो. पण हा प्रश्न कॅनडाच्या साहित्याबाबत पडावा, हे मला नवलाचे वाटत नाही. हे साहित्य उभे राहिले त्यात एकमेकांना ‘हे वाच’ असे सांगणाऱ्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत

कॅनडाच्या इंग्रजी लेखकापुढची अडचण मराठी वाचकाला सहज कळण्यासारखी आहे. आपल्या एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी, तशी त्याच्या एका बाजूला लंडन आणि दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क. दुकानात पुस्तके तिथून येत आणि थोर लेखक म्हणजे तिकडचा, हे जणू ठरलेलेच. शिवाय देशाच्या आतही भाषेची भिंत. ह्यू मॅक्लेनन यांनी १९४५ मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच समाजांवर लिहिलेल्या कादंबरीला ‘टू सॉलिट्यूड्स’, म्हणजे ‘दोन एकाकीपणे’, असे नाव दिले आणि ते वाक्प्रचारासारखे रूढ झाले. त्याच वर्षी गाब्रिएल रॉय यांची माँट्रियलमधल्या एका गरीब वस्तीवरची फ्रेंच कादंबरी आली. इंग्रजी वाचकांना ती ‘द टिन फ्लूट’ या नावाने मिळाली ती १९४७ मध्ये.

सरकारने आपल्या बाजूने प्रयत्न केले. कला आणि साहित्याच्या स्थितीबद्दल मॅसी आयोगाने १९५१ मध्ये अहवाल दिला आणि १९५७ मध्ये ‘कॅनडा कौन्सिल’ स्थापन झाले. परंतु अनुदानाने पुस्तक छापले जाते, तेवढ्याने वाचले जात नाही. वाचक मिळवून देण्याचे काम वेगळ्या माणसांनी केले. माल्कम रॉस या प्राध्यापकाने प्रकाशक जॅक मॅक्लेलंड यांच्या साथीने १९५८ मध्ये ‘न्यू कॅनेडियन लायब्ररी’ ही स्वस्त पुस्तकांची माला सुरू केली आणि विस्मरणात चाललेल्या कादंबऱ्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात पोहोचवल्या. रॉबर्ट वीव्हर हे नभोवाणीवरचे गृहस्थ. अनोळखी लेखकांच्या कथा ते मागवून घेत, वाचत, पत्राने उत्तर देत आणि प्रसारित करत. तरुण ॲलिस मन्रो यांना धीर देणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९६३ मध्ये मन्रो आणि त्यांचे पहिले पती जिम यांनी व्हिक्टोरिया शहरात पुस्तकांचे दुकान काढले. ते आजही चालू आहे.

लेखकांनीही एकमेकांना धरून ठेवले. मार्गारेट लॉरेन्स या आपल्या लेखकबांधवांना ‘टोळी’ म्हणत. तो शब्द प्रेमाचा होता. विनिपेगच्या ॲडेल वाइझमन यांच्याशी त्यांचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. आणि मार्गारेट ॲटवुड यांनी १९७२ मध्ये ‘सर्व्हायव्हल’ हे छोटे पुस्तक लिहून सामान्य वाचकालाच विचारले की, आपल्या साहित्यात नेमके काय आहे? त्यांचे उत्तर थोडक्यात असे : अमेरिकेचे प्रतीक सरहद्द, इंग्लंडचे प्रतीक बेट, तर कॅनडाचे प्रतीक तगून राहणे. एका अर्थाने हे पुस्तक म्हणजे एक लांबलचक शिफारसपत्रच आहे. २००२ पासून तर तिथे नभोवाणीवर ‘कॅनडा रीड्स’ हा वार्षिक कार्यक्रम होतो. पाच परिचित व्यक्ती एकेका पुस्तकाची बाजू मांडतात, एकेक पुस्तक बाद होत जाते आणि शेवटी एक उरते.

नाशिककरांना यात अनोळखी असे काही नाही. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० चे. विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना याच शहरातली. त्यातल्या पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांतून फिरत परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. वाचक पुस्तकाकडे येईल याची वाट न पाहता पुस्तकानेच वाचकाकडे जायचे, हा त्यामागचा विचार. वीव्हर यांना तो नक्कीच पटला असता.

मुंबईची भिंत

आम्हाला कॅनडाची वाट सापडली ती मुंबईतून. रोहिंटन मिस्त्री यांचा जन्म मुंबईचा, १९५२ चा. १९७५ मध्ये ते कॅनडात गेले, टोरांटोत बँकेत नोकरी केली आणि लिहिले ते मुंबईबद्दल. ‘सच अ लाँग जर्नी’ (१९९१) या कादंबरीतली एक गोष्ट आमच्या गटात कुणीच विसरलेले नाही. पारशी चाळीच्या आवाराची भिंत. येणारे-जाणारे तिचा मुतारीसारखा वापर करतात. मग नायक गुस्ताद फुटपाथवरच्या चित्रकाराकडून तिच्यावर सर्व धर्मांच्या देवादिकांची चित्रे काढून घेतो. दुर्गंधी जाते, उदबत्त्यांचा वास येऊ लागतो. शेवटी रस्तारुंदीसाठी तीच भिंत पाडायला पालिकेची माणसे येतात. या कादंबरीला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला आणि ती बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली. आणीबाणीच्या काळावरच्या ‘अ फाइन बॅलन्स’ला १९९५ चे गिलर पारितोषिक मिळाले.

आणि २०१० मध्ये राजकीय आक्षेपानंतर मुंबई विद्यापीठाने ‘सच अ लाँग जर्नी’ बी. ए.च्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. शिफारस कशी मागे घेतली जाते, ते आम्ही असे घराजवळच पाहिले. ती कादंबरी कुणाला आवडो वा न आवडो, पण ‘वाच’ म्हणणाऱ्याने निदान कारण सांगितलेले असते. ‘वाचू नको’ म्हणणाऱ्यांत पुस्तक उघडलेले किती, हे विचारायची सोय नसते.

रस्त्याकडेची माणसे

मिस्त्रींनंतर आमच्यातल्या एकाने ‘बलुतं’ वाचलेल्या प्रत्येकाच्या हाती मरिया कॅम्पबेल यांचे ‘हाफब्रीड’ (१९७३) दिले. कॅम्पबेल या मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या संबंधातून घडलेल्या समाजातल्या. जमिनी गेल्यावर या समाजातली अनेक कुटुंबे सरकारी रस्त्यांसाठी सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहिली, म्हणून त्यांना ‘रस्त्याकडेची माणसे’ म्हणत. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द ज्याला माहीत आहे त्याला यावर टीप लागत नाही. बाबुराव बागुलांच्या नाशकात तर नाहीच नाही. ‘हाफब्रीड’नंतर पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘बलुतं’ आले. दोन्ही पुस्तकांत भूक आहे, लाज आहे आणि आपल्याच माणसांबद्दल कठोर खरेपणा आहे. मात्र तुलना ओढूनताणून करू नये. जात आणि वसाहत यांची यंत्रणा एक नाही.

या पुस्तकाची आणखी एक कथा आहे. कॅम्पबेल चौदा वर्षांच्या असताना पोलिसाने केलेल्या बलात्काराचा मजकूर त्यांनी लिहिला होता. पोलीस दल पुस्तक थांबवील या भीतीने प्रकाशकाने तो काढून टाकला. पंचेचाळीस वर्षे पुस्तक त्याविनाच वाचले आणि शिकवले गेले. २०१८ मध्ये दोन संशोधक स्त्रियांच्या शोधातून ती पाने एका विद्यापीठाच्या दप्तरखान्यात सापडली आणि २०१९ च्या आवृत्तीत ती परत घातली गेली. पुस्तकाची शिफारस करणारे इतकी वर्षे नकळत अर्धे सत्य पुढे देत होते.

हा रस्ता एकेरी नाही, हेही नोंदवायला हवे. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ २००४ मध्ये इंग्रजीत गेले ते टोरांटोच्या आलोक मुखर्जी यांच्या अनुवादातून. तिकडच्या कुणीतरी मराठी विचाराला ‘हे वाचा’ म्हटले.

मन्रोंचे काय करायचे?

आता त्या टेबलावरच्या पुस्तकाकडे येऊ. १९३१ मध्ये ऑन्टारिओतल्या विंगम या छोट्या गावी जन्मलेल्या मन्रो आयुष्यभर कथाच लिहीत राहिल्या आणि त्यासाठी २०१३ चे नोबेल त्यांना मिळाले. घटना वीस-तीस वर्षे ओलांडून पुढे उडी घेते आणि आधी किरकोळ वाटलेली गोष्ट नंतर छातीवर येऊन बसते, ही त्यांची रीत. मराठीत कथा हा प्रकार दुय्यम नाही, असे मानणाऱ्यांना त्या जवळच्या वाटाव्यात.

१३ मे २०२४ रोजी त्या गेल्या. जुलैमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीने, अँड्रिया रॉबिन स्किनर यांनी, टोरांटोच्या वृत्तपत्रात लेख लिहिला. नऊ वर्षांची असताना सावत्र वडिलांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. १९९२ मध्ये तिने आईला पत्राने कळवले. आई काही काळ दूर राहिली, मग त्याच पुरुषाकडे परतली. २००५ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरी २०१३ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत ती त्याच्यासोबत राहिली. व्हिक्टोरियातल्या ‘मन्रोज बुक्स’ने, म्हणजे जिमसोबत त्यांनी काढलेल्या त्याच दुकानाने, मुलीच्या पाठीशी उभे राहणारे निवेदन काढले.

आमच्या गटात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, कथा आणि बाई वेगळ्या. दुसऱ्याचे, यापुढे मन्रो नकोत. मला दोन्ही उत्तरे सोयीची वाटली. कारण १९९३ मध्ये, म्हणजे मुलीचे पत्र आल्यानंतर, मन्रोंनी ‘व्हँडल्स’ ही कथा प्रसिद्ध केली. आपल्या सोबतच्या पुरुषाने मुलांशी काय केले ते न पाहणारी बाई तिच्यात आहे. कथा आणि बाई वेगळ्या म्हटले, तर या कथेपुढे आपण डोळे मिटतो. मन्रो नकोतच म्हटले, तर न पाहणे कसे असते हे दाखवणारी ही कथा आपण फेकून देतो. ‘हाफब्रीड’ने शिकवले होते की, गाळलेल्या पानांमुळे वाचकाचे रक्षण होत नाही. ज्याने सोसले तो मात्र आणखी एकटा पडतो.

म्हणून आम्ही एवढेच ठरवले. शिफारस म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. पुस्तक देताना जे ठाऊक आहे तेही द्यायचे, घेणे न घेणे पुढच्याने ठरवायचे. मैत्रिणीने तो कथासंग्रह पुन्हा पिशवीत घातला. स्किनर यांच्या लेखाची छापील प्रत तिने ‘व्हँडल्स’च्या पहिल्या पानाशी ठेवली आणि पुस्तक पुढच्या घरी गेले. तिथल्या वाचकाने ते अजून उघडलेले नाही. तो म्हणाला, आधी लेख वाचतो, मग पाहू.