डिप्लोमानंतरची वाट – भाग 6 : विषय कोणता आधी, कोणता नंतर?

तंत्रज्ञान व्यवस्थापन समजून घ्यायला बाळापूरच्या पोराला लांब जायची गरज नाही. पारसचं वीज केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, 250 मेगावॉटचे दोन संच चालवतं. असा संच मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा, तर सुटे भाग कितीतरी आधी मागवावे लागतात, ठेकेदारांच्या कामांचा क्रम लावावा लागतो, खर्च आवाक्यात ठेवावा लागतो. उत्तम वेल्डिंग येणाऱ्याला हे आपसूक येत नाही. नुसता ताळेबंद वाचणाऱ्यालाही नाही. या दोघांमधल्या माणसासाठी तंत्रज्ञान व्यवस्थापनाची पदवी.

आता क्रेडिटचा हिशेब. यूजीसीने 2014 मध्ये आणलेल्या बी.व्होक. या व्यावसायिक पदवीच्या आराखड्यात तीन वर्षांना 180 क्रेडिट धरली होती. वर्षाची 60, त्यात 36 कौशल्याची आणि 24 सामान्य शिक्षणाची. आकडे सोपे वाटतात, गोची तासांत आहे. नव्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, पण प्रात्यक्षिकाचे 30. म्हणजे चार क्रेडिटचा वर्गातला विषय 60 तासांत उरकतो, तेवढ्याच क्रेडिटच्या वर्कशॉपला 120 तास लागतात. गुणपत्रिकेवर दोन्ही सारखेच दिसतात! बाळापूरहून रोज अकोल्याला एसटीने जाणाऱ्याने एका सत्रात असे तीन वर्कशॉप घेतले, तर घरी अभ्यासाला उरतं काय?

विषयांची साखळी शेवटून मागे लावावी. गुणवत्ता नियंत्रणाआधी संख्याशास्त्र, प्रकल्प व्यवस्थापनाआधी खर्चाचा हिशेब. संख्याशास्त्र पोरं हमखास पुढे ढकलतात; मग तिसऱ्या वर्षी नियंत्रण-आलेख समोर आला की शिक्षकांना सरासरीपासून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेतल्या अशा ‘अप्लाइड’ पदव्यांत दोन वर्षांचं तांत्रिक शिक्षण बहुतेक वेळा पायाच धरलं जातं आणि व्यवस्थापनाचे विषय त्यावर चढतात. आपल्याकडे डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट ठाऊक आहे, इतर पदव्यांचं मात्र आधी विचारावं लागतं. 2021 पासूनच्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं जमा राहतात. पण खात्यात जमा असणं वेगळं आणि कॉलेजने ती धरणं वेगळं. आधीची किती क्रेडिट धरणार, हे फी भरण्यापूर्वी लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

इंटर्नशिपचं सत्र ठरवताना आपल्या वऱ्हाडाचा हंगाम बघा. कापूस दिवाळीच्या सुमारास यायला लागतो आणि जिनिंग-प्रेसिंग हिवाळ्यात जोरात चालतं. जिनिंगमध्ये शिकायचं ठरवून जूनमध्ये गेलात, तर बंद यंत्रांची देखभाल तेवढी दिसेल. आवक, मजूर, वीज आणि गाठींची रवानगी एकत्र कशी सांभाळतात, ते दिसणार नाही. तेव्हा हिवाळ्यातल्या सत्रात वर्गातले विषय कमी ठेवता येतात का, हे प्रवेशाच्या वेळीच विभागप्रमुखांना विचारा.

(पुढील आठवड्यात : इंटर्नशिपची डायरी कशी लिहावी)