डाव्या पायाचं शिक्षण

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत खरं शिकायला मिळतं ते मागच्या सीटवर. एका फेरीत तिघंचौघं असतात. एक जण स्टिअरिंगवर, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मागे. चालवणाऱ्याला रस्ता, आरसे, हॉर्न आणि आडव्या येणाऱ्या रिक्षा यांतून सवड नसते. मागच्याला सवडच सवड असते. तिथून चालवणाऱ्याचं पाऊल दिसत नाही, पण डावा गुडघा दिसतो. गाडी आता अलगद निघणार, झटका खाणार की बंद पडणार, हे तो गुडघा आधीच सांगतो. तो एकदम वर उसळला की मागचे सगळे पुढची सीट धरतात.

साताऱ्यात ही शिकवणी सकाळी लवकर सुरू होते. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं, त्यामुळे नवशिक्यासाठी सपाट तुकडा शोधावा लागतो. शेजारच्या सीटवर सर बसतात. त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकवणीच्या गाडीला अशी दुहेरी सोय कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्याच दिवशी गाडी छान निघाली म्हणून चालवणारा खूश होतो, तेव्हा सरांच्या गुडघ्याकडेही बघावं. पुष्कळदा ती गाडी त्यांनीच उचललेली असते.

पहिला धडा रेसशिवाय. उजवा पाय ब्रेकजवळ नुसता तयार ठेवायचा. क्लच पूर्ण दाबायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. सपाट रस्त्यावर गाडी आपणहून चालू लागते.

ती का चालते, याचं गणित सोपं आहे. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेत असतं. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून लहान गाडीत इंजिनच्या सुमारे 14 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे चाक मिनिटाला 57 वेळा फिरतं. एका फेऱ्यात ते पावणेदोन मीटर जातं असं धरलं, तर मिनिटाला 100 मीटर, तासाला 6 किलोमीटर झाले. झपझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग. इंजिन याहून फार हळू फिरू शकत नाही, ते बंद पडतं. चाक मात्र शून्यावर उभं असतं. शून्य ते सहा या अंतरात दोघांची गाठ घालून देण्याचं काम क्लचकडे असतं.

इंजिनच्या फ्लायव्हीलला चिकटून एक घर्षणाचं अस्तर असलेली प्लेट असते. जोरकस स्प्रिंग तिला दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा हा दाब निघून जातो आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. पेडल सोडू लागलो की प्लेट आधी घसरत, मग घट्ट पकडते. निघालेली एसटी धरायची तर तिच्या बाजूने थोडं पळावं लागतं, वेग जुळला की मग पाय पायरीवर. क्लच घसरतो त्या दोन सेकंदांत हेच पळणं चालू असतं.

गोंधळ होतो तो इथेच. ब्रेक दाबला की गाडी थांबते, रेस दाबली की पळते. तिथे दाबणं म्हणजे काम. क्लचचं काम सोडण्यात आहे. दाबताना तो कितीही झटकन दाबला तरी बिघडत नाही. सोडताना पहिला भाग रिकामा जातो, पुढे एका जागी इंजिनचा आवाज जरा खाली बसतो, सीटखाली बारीक थरथर जाणवते, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. हा हाफ क्लच. सर म्हणतात, "थांबा. तिथंच थांबा. गाडीला जाऊ द्या, मग सोडा." आणि नेमकं तिथेच बहुतेकांना आपलं काम झालं असं वाटतं, पाय उडतो, गाडी एक उडी मारून गप्प होते. ज्याची टाच जमिनीला टेकलेली असते त्याला हे लवकर जमतं. अधांतरी पायाला एवढं बारीक मोजता येत नाही.

पाय थोडा वळणावर आला की हाताची पाळी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून गिअर डाव्या हाताला. बहुतेकांचा हा बिनसवयीचा हात, आणि नाजूक कामं मात्र डाव्या हातापायाकडेच. नवशिका दांडी मुठीत आवळतो आणि जोर लावतो. दुसऱ्यावरून तिसरा टाकायला जातो आणि पहिल्याच्या तोंडाशी पोचतो. सर त्याची मूठ उघडतात. पहिला-दुसरा टाकताना तळवा दांडीच्या आपल्या बाजूला, म्हणजे ढकलणं बाहेरच्या अंगाला राहतं. तिसऱ्यासाठी दांडी न्यूट्रलमध्ये आणून क्षणभर सैल सोडायची. आतली स्प्रिंग तिला मधल्या रांगेत आणते, मग नुसतं वर सरकवायचं. इथेही काम अर्धं सोडण्यानेच होतं.

आपण गिअर 'टाकतो' तेव्हा आत दाते दात्यांवर आदळत असतील असं वाटतं. पण पुढे नेणाऱ्या गिअरांची चाकं एकमेकांत कायमची अडकलेलीच असतात. आपण सरकवतो ती एक बाही, आणि ती कुठल्या चाकाला शाफ्टशी बांधते त्यावर गिअर ठरतो. बाही बसण्याआधी सिंक्रोची कडी घर्षणाने दोघांचे वेग सारखे करते. ही सोय 1928 साली कॅडिलॅक गाड्यांत पहिल्यांदा आली. त्याआधी वेग ड्रायव्हरलाच जुळवावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. जुन्या ट्रकवर हात बसलेले ड्रायव्हर याला डबल क्लच म्हणतात. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत अजून सिंक्रो नसतो. म्हणून गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स टाकला की 'कर्रर्र' ऐकू येतं.

गिअर कधी बदलायचा, हे सर आकड्यांत फारसं सांगत नाहीत. ते म्हणतात, "काट्याकडे बघू नका, ऐका." आवाज चढत गेला आणि वेग त्या मानाने वाढेना, की वरचा. चौथ्यात असताना गाडी धापा टाकू लागली, रेस दाबूनही ओढेना, की खालचा. काही जण फेरीभर गिअरच्या आकड्यांकडे बघत राहतात. ज्यांना आवाज कळायला लागतो त्यांची मान आपोआप वर येते.

मग राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे चढणारा रस्ता. मोटार वाहन नियमांत चाचणीच्या गोष्टींमध्ये हेही लिहिलेलं आहे: बऱ्यापैकी चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघता आलं पाहिजे. रीत अशी की हँडब्रेक ओढलेला, थोडी रेस, क्लच त्या थरथरीपर्यंत, आणि गाडी पुढे ओढ घेतेय हे कळल्यावरच हँडब्रेक सोडायचा. ज्यांना घाई असते ते हँडब्रेक आधी सोडतात. काही जण हँडब्रेक टाळून हाफ क्लचवरच गाडी चढावर तोलून धरतात. दिसायला हे कसब वाटतं, पण प्लेट घसरत राहते, तापते, आणि गाडीत जळका वास येतो. त्या वासाचं बिल पुढे गॅरेजवाला देतो.

यवतेश्वर घाट चढून उतरायला लागलं की शेवटचा धडा. ज्या गिअरमध्ये चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजून आहेत. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये उतरताना रेसवरचा पाय काढला की बहुतेक वेळ इंजिनला पेट्रोल जातच नाही, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

यावर नेहमीचा प्रश्न असा, की आता ऑटोमॅटिक गाड्या आहेत, हे शिकायचं कशाला? 2014 साली सेलेरिओ गाडीबरोबर एएमटी ही स्वस्त ऑटोमॅटिक आपल्याकडे आली. तिचा गिअरबॉक्स हाच, क्लचही हाच. फक्त पेडल नाही, दाबण्या-सोडण्याचं काम यंत्र करतं. आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तेही किंचित थबकतं, कारण इंजिन आणि चाक यांचे वेग जुळवल्याशिवाय त्याचीही सुटका नाही. ज्याने कधी क्लच सोडलेला नाही, तो त्या क्षणी रेस दाबूनच धरतो आणि गाडीला दोष देतो. ज्याचा डावा पाय शिकलेला आहे, तो उजवा पाय जरासा सैल करतो आणि गाडी झटका देत नाही.